खिळा कुठे ठोकायचा?

१

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरात सर्वांत आधी खाली उतरतात त्या भिंतीवरच्या तसबिरी. रंगारी यायच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढतो, पत्नी पदर खोचून खाली उभी राहते आणि एकेक चौकट वरच्या हातातून खालच्या हातात जाते. मग उरते ती उघडी भिंत. एरवी ती मळली आहे हे लक्षातही येत नाही. पण प्रत्येक तसबिरीमागे जुन्या रंगाचा एकेक स्वच्छ चौकोन निघतो आणि त्याच्या शेजारी बाकीची भिंत किती काळवंडली आहे ते एकदम दिसू लागते.

यंदा रंग झाला, भिंती वाळल्या आणि मी खिळे-हातोडी घेऊन पुन्हा स्टुलावर चढलो. तेव्हा खालून प्रश्न आला, "सगळं होतं तिथंच लावायचं?"

"नाही तर आणखी कुठं?"

"काही नाही. विचारलं आपलं."

'विचारलं आपलं' या दोन शब्दांत मराठी संसारातले काय काय दडलेले असते ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी खाली उतरलो. त्या गोष्टीला आठ दिवस झाले; तसबिरी अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि मी हा लेख लिहीत बसलो आहे.

घरात कोणते चित्र लावावे, कोणती खुर्ची कुठे ठेवावी, हा प्रश्न मी आजवर अभिरुचीचा समजत आलो. ज्याला चांगल्या-वाइटाची पारख आहे त्याने निवड करावी, इतरांनी हळूहळू त्या निवडीपर्यंत चढत यावे, असे माझे साधे गणित होते. ज्याला पारख आहे तो मी, हे त्या गणितातले गृहीत कधी तपासून पाहण्याची वेळ आली नाही. सामाईक विहिरीचे, सामाईक भिंतीचे कागद असतात. पाण्याची पाळी कोणाची आणि भिंतीला चुना कोणी लावायचा हे त्यांत लिहिलेले असते. सामाईक घरातल्या अभिरुचीचा मात्र कुठे कागद नाही. तो नसल्यामुळे जो अधिक बोलतो, ज्याला 'कला' हा शब्द अधिक सहजपणे उच्चारता येतो, त्याच्या नावावर सगळी भिंत होऊन जाते.

हे केवळ माझ्या घरचे रडगाणे असते, तर ते छापायला देण्याचे कारण नव्हते. पण आपल्या वाङ्मयाने आणि आपल्या चित्रसमीक्षेनेही या बाबतीत तोच एकतर्फी व्यवहार केला आहे असे मला दिसू लागले आहे. त्याचा थोडा विचार करावा म्हणतो.

२

मराठी रंगभूमीवर खरीखुरी खोली आली ती १९३३ साली, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाबरोबर. त्यापूर्वी घर म्हणजे रंगवलेला पडदा. महाल हवा तर महालाचा पडदा, अरण्य हवे तर अरण्याचा. पडद्यावर रंगवलेल्या खुर्चीवर कोणी बसू शकत नाही. म्हणून ती खुर्ची कोणाची, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून हे नाटक बेतले, आणि तीन भिंतींची, दारे-खिडक्यांची, खऱ्या सामानाची खोली प्रेक्षकांसमोर उभी राहिली. तेव्हापासून मराठी नाटक दिवाणखान्यात जे शिरले ते कित्येक वर्षे तिथून बाहेर पडायला तयार नव्हते.

पुढे आठ वर्षांनी, १९४१ मध्ये, अनंत काणेकरांनी दुसऱ्या नॉर्वेजियनाला मराठीत आणले. इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' हे १८७९ चे नाटक 'घरकुल' या नावाने आपल्याकडे आले. या नाटकाचे नाव निघाले, की जो तो शेवटच्या दाराच्या आवाजाबद्दल बोलतो. नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून जाते, खाली दार आपटते, आणि तो आवाज साऱ्या युरोपभर ऐकू गेला, असे आपण वाचत आलो आहोत. मीही वर्गात मुलांना हे अनेकदा सांगितले आहे. पण दार आपटण्यापूर्वी नोरा बसून जे बोलते, त्यातले एक विधान या आठ दिवसांत मला नव्याने दिसले. ती नवऱ्याला सांगते त्याचा आशय असा : तुम्ही सगळे काही तुमच्या आवडीप्रमाणे लावलेत, म्हणून माझी आवडही तुमच्यासारखीच झाली, किंवा तशी ती झाल्याचे सोंग मी आणले, दोहोंपैकी खरे कोणते ते माझे मलाच नीट सांगता येत नाही.

नाटकाच्या अखेरीचे हे विधान मनात ठेवून आता त्याचा पहिला पडदा पुन्हा वर न्यावा. इब्सेनने आरंभीच्या सूचनेत खोलीचे वर्णन मोठ्या काळजीने केले आहे. खोली सुखसोयीची, नीटनेटकी, रुचीने लावलेली, पण महागडी नव्हे. पियानो आहे, भिंतीवर छापील चित्रे आहेत, चिनीमातीच्या शोभेच्या वस्तूंची मांडणी आहे, सुबक बांधणीच्या पुस्तकांचे छोटे कपाट आहे. पहिल्या अंकात ही खोली पाहून आपण मनात म्हणतो, किती छान घर! तिसऱ्या अंकात नोराचे ते वाक्य कानी पडते आणि मग त्या छान घरातली एकही वस्तू निरागस राहत नाही. ही चित्रे कोणी निवडली? त्या मांडणीतली एखादी तरी मूर्ती नोराने स्वतःला आवडली म्हणून आणली असेल काय? इब्सेन सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. ज्या घरात दोघे राहतात आणि रुची मात्र अगदी एकजिनसी दिसते, त्या घरात एकाची रुची कुठे तरी झाकून ठेवलेली असते, एवढा संशय तो आपल्या मनात पेरून ठेवतो.

आणखी एक बारीकशी जागा आहे. दुसऱ्या अंकात नोराची मैत्रीण तिचा पोशाख शिवून नीट करीत बसलेली असते. नवऱ्याची चाहूल लागताच नोरा तिला मुलांच्या खोलीत पाठवते. कारण शिवणकाम चाललेले त्याला पाहवत नाही. तिसऱ्या अंकात तर हे गृहस्थ त्याच मैत्रिणीला उपदेश करतात, की विणण्यापेक्षा भरतकाम करीत जा, ते अधिक शोभून दिसते. बायकांचे हात कामात असावेत, पण ते काम दिवाणखान्याला शोभणारे असावे! हा माणूस दुष्ट नाही. त्याला फक्त सौंदर्यदृष्टी आहे, आणि ती त्याच्या एकट्याची आहे.

आपल्या कादंबरीने हा प्रश्न जवळजवळ विचारलेलाच नाही. हरिभाऊंच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो' मध्ये यमूला सुखाचा काळ लाभतो तो मुंबईच्या बिऱ्हाडात, सासरच्या मोठ्या घराच्या धाकाबाहेर. त्या सुखात वाचनाचा आणि नवराबायकोच्या मोकळ्या बोलण्याचा वाटा मोठा आहे. ते योग्यच होते; बोलण्याची चोरी असलेल्या काळात आधी बोलणे मिळवायचे होते. पण हरिभाऊंनंतरच्या शंभरांहून अधिक वर्षांत आम्ही कादंबरीकारांनी काय केले? आम्ही सामानाचा उपयोग माणसाचे मोजमाप घ्यायला केला. उंची गालिचा म्हणजे श्रीमंत खलनायक, पुस्तकांची मांडणी म्हणजे ध्येयवादी नायक, कॅलेंडरातले रंगीत चित्र म्हणजे कारकुनी मन. दोन माणसांनी भांडून, तडजोड करून, एकाने हरून, दुसऱ्याने जिंकून ती खोली लावली असेल, हे आमच्या लेखणीला सुचले नाही. या आरोपातला पहिला आरोपी मी आहे. पण ते पुढे येईल.

३

आमच्या भिंतीला सध्या टेकून उभ्या असलेल्या तसबिरींत दोन मुख्य आहेत. एक पत्नीच्या आजीकडून आलेली लक्ष्मी. दुसरे अमृता शेरगिलचे 'तीन मुली', अर्थात छापील.

लक्ष्मी राजा रविवर्म्याची. कमळात उभी, चार हात, बाजूला हत्ती. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. पुढे हा कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांनी तिथल्याच श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा काढायचा, आणि वर तैलचित्राचा भास व्हावा अशी चकाकी द्यायची. त्याआधी १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढून छापील रंगीत चित्रे मराठी घरांत पोचवायला सुरुवात केली होतीच. जे पूर्वी राजवाड्यात किंवा देवळात जाऊन पाहायचे, ते आता माजघरातल्या खिळ्यावर आले.

आमच्या लक्ष्मीची एक विशेष गोष्ट आहे. तिच्या लुगड्याच्या काठावर खरी जर चिकटवलेली आहे, गळ्यात बारीक टिकल्यांचा हार आहे. त्या काळी अशा छापील देवतांना जर-टिकल्यांनी सजवण्याची चाल पुष्कळ घरांत होती. पत्नीच्या आजीने हे काम दुपारच्या वेळी, आपल्याच जुन्या शालूची जर उसवून केले. लग्नानंतर ही तसबीर आमच्या घरी आली तेव्हा मी कपाळाला आठी घातली होती. रविवर्म्याविषयीची माझी मते तयार होती. विसाव्या शतकाच्या आरंभी आनंद कुमारस्वामींनी आणि भगिनी निवेदितांनी त्याच्यावर जी टीका केली ती मी कुठे कुठे वाचली होती : ही नाटकी चित्रे आहेत, यांत देवत्व नाही, पाश्चात्त्य तंत्राला भारतीय वेष चढवला आहे. त्यातच जर चिकटवलेली! मी म्हणालो, "ही स्वयंपाकघरात ठीक दिसेल." ती स्वयंपाकघरात गेली, आणि धुराने आणि फोडणीच्या वाफेने तिची काच पिवळी झाली.

आज मला वाटते, टीका करणाऱ्यांचे चित्राविषयीचे म्हणणे मान्य केले तरी त्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. त्यांनी चित्र पाहिले, चित्राचा घरातला संसार पाहिला नाही. कारखान्यातून निघताना त्या सगळ्या लक्ष्मी सारख्या होत्या. पत्नीच्या आजीने सुई-डिंक हाती घेतल्यावर त्यांतली एक वेगळी झाली. जिला घरातल्या कुठल्याच वस्तूची निवड करण्याचा अधिकार नव्हता, तिने निवडून आलेल्या वस्तूवर आपली सही केली. रविवर्मा थोर चित्रकार की सामान्य, हा वाद त्या चार बोटे जरीला लागूच होत नाही. त्या जरीची समीक्षा कोणत्या शास्त्राने करावी?

आता 'तीन मुली'. शेरगिलने हे चित्र १९३५ साली काढले, युरोपातून परतल्यावर थोड्याच दिवसांत. १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तीन तरुण मुली शेजारी शेजारी, अगदी जवळ, आणि तरी एकीची नजर दुसरीला भेटत नाही. मागे काही नाही, दागदागिन्यांचा झगमगाट नाही. रंग दाट आणि शांत. मला हे चित्र फार आवडते, आणि ते आवडण्यात माझी थोडी प्रतिष्ठाही गुंतलेली आहे हे कबूल करतो. रविवर्म्याला स्वयंपाकघरात पाठवून मी त्याच्या जागी दारासमोर हे लावले. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याविषयी दोन शब्द सांगण्याची मला सवय होती. ते एका दिनदर्शिकेचे पान होते, कापून चौकटीत बसवलेले, हे मात्र मी सांगत नसे. कॅलेंडरातल्या चित्रांना हसणाऱ्या माणसाच्या दिवाणखान्यात कॅलेंडरातलेच चित्र होते! लक्ष्मी काय आणि मुली काय, दोन्ही यंत्रातून निघालेले कागद. त्यांतल्या एकीला मी 'कला' म्हणत होतो आणि दुसरीला 'छापील देव'.

ते लावले त्या दिवशी पत्नीने बराच वेळ पाहून विचारले होते, "या तिघींना कुणी काही विचारलेलंच दिसत नाही, नाही का?"

तेव्हा मी मनाशी म्हणालो, हिला चित्रातले कळत नाही. मग मी तिला आकाररचनेविषयी, अजिंठ्याविषयी, पॅरिसमधल्या शिक्षणाविषयी बरेच सांगितले. ते सर्व बरोबर होते. पण त्या चित्राविषयी मी वाचलेल्या आणि केलेल्या साऱ्या बोलण्यात त्या एका वाक्याइतके चित्राच्या गाभ्याला लागणारे दुसरे काही नव्हते. त्या मुलींच्या झुकलेल्या पापण्यांत नेमके तेच आहे : त्यांच्याविषयी काही तरी ठरते आहे, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही. चित्र तिला कळले होते. चित्र कुठे लावायचे, हे तिला विचारायचे असते, एवढेच मला कळले नव्हते.

४

चित्र हा डोळ्यांचा विषय आहे. सामान हा शरीराचा. चित्र नावडले तर त्याकडे पाठ फिरवता येते. खुर्ची नावडली तरी तिला रोज अडखळावे लागते.

आपल्या जुन्या घरांत सामान थोडे होते. पाट, चौरंग, फडताळ, देव्हारा, ओटीवर एखादा झोपाळा, दिवाणखान्यात गाद्या-लोडांची बैठक. चाळीतल्या खोलीत तर ट्रंका, खुंट्या आणि दिवसा गुंडाळून ठेवायच्या वळकट्या. रात्री सारी खोलीच अंथरूण व्हायची. अशा घरात अभिरुचीला मोकळी जागा उरायची ती फक्त भिंतीच्या वरच्या अंगाला. जुन्या तसबिरी छताजवळ, पुढे झुकलेल्या अशा टांगलेल्या असत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मला वाटते, त्या जमिनीवर बसलेल्या माणसासाठी झुकलेल्या असत. खुर्च्या आल्या, माणसाचे डोळे दीड हात वर गेले आणि तसबिरी खाली उतरून ताठ उभ्या राहिल्या.

पण खुर्ची आली ती कोणासाठी? व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची जी खुर्ची १८५९ मध्ये काढली, तिच्या जातीच्या खुर्च्या पुढे इराण्यांच्या हॉटेलांतून आपल्या चांगल्या परिचयाच्या झाल्या. सहा लाकडी तुकडे आणि थोडे स्क्रू. सुटी करून पेटीत भरली तर एका घनमीटरात छत्तीस मावत. हॉटेलातल्या त्या खुर्चीवर जो येईल तो बसे. तिच्यावर कोणाचे नाव नसे. घरातल्या खुर्चीवर मात्र नाव असते. आमच्याकडे वडिलांची आरामखुर्ची आहे : सागवानी, लांब हातांची, वेताच्या बैठकीची. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. आई त्या खुर्चीची धूळ रोज पुसते. तिच्यावर बसलेली मी तिला एकदाही पाहिलेली नाही. ती बसते उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून. आणि गुडघे दुखतात म्हणून तक्रार करते. मी एकदा म्हणालो, "आई, खुर्चीवर बस ना." ती म्हणाली, "ती यांची." ज्या घरात ती पन्नास वर्षे नांदली, त्या घरात तिचे म्हणून एकही आसन नाही.

पत्नीचे म्हणून दोन सामान आले : रुखवताबरोबरचे लोखंडी कपाट आणि तिचे शिलाईचे यंत्र. कपाटाला आई अजून 'सूनबाईचं कपाट' म्हणते. यंत्र खिडकीशी ठेवावे, उजेड डावीकडून यावा, अशी तिची इच्छा होती. खिडकीशी मी पुस्तकांची मांडणी ठेवली आणि त्या मांडणीपुढे माझे टेबल. यंत्र गेले आतल्या खोलीत, दिव्याखाली. त्याच्यावर तिने क्रोशाने विणलेले एक पांढरे झाकण घातले होते, चारी कोपऱ्यांना गुलाब.

आता आरोपीची जबानी. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायक आपल्या एका जुन्या मित्राच्या घरी जातो. हा मित्र एके काळचा बंडखोर. आता संसारात बुडून गेलेला. हे दाखवण्यासाठी मी त्याच्या घराचे एक पानभर वर्णन केले. त्यात शोकेस होती, शोकेसमधल्या बाहुल्या होत्या, आणि शिलाईच्या यंत्रावर गुलाबांचे, क्रोशाने विणलेले झाकण होते. नायक त्या झाकणाकडे पाहतो आणि मित्राचे काय झाले ते त्याला उमगते. वर्णन चांगले साधले होते. एका परीक्षणात त्याची विशेष वाखाणणी झाली. घराच्या तपशिलांतून कोतेपण कसे उभे केले आहे, असे काही तरी.

पत्नीने कादंबरी वाचली. "चांगली झाली आहे," म्हणाली. पुढे कधी तरी यंत्रावरचे झाकण दिसेनासे झाले. कधी, ते मला सांगता येणार नाही. कारण माझ्या ते लक्षातच आले दोनएक वर्षांनी. विचारले, तेव्हा म्हणाली, "धुवायला काढलं होतं, मग राहिलंच."

ज्या टेबलावर बसून मी ते वर्णन लिहिले, ते टेबल त्याच यंत्राच्या कमाईतून आले होते. शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवून तिने साठवलेले पैसे. हे मला ते लिहिताना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण कादंबरीत त्याचे काम नव्हते. त्या झाकणाला मी एकच अर्थ दिला आणि तो पुरेसा आहे असे समजलो. लेखक म्हणून ही माझी चूक आहे, आणि ती चांगुलपणाची नव्हे, कलेची चूक आहे. ते पान अपुरे आहे. त्या मित्राच्या बायकोने ते गुलाब कोणत्या दुपारी विणले, यंत्र कुठे ठेवायचे यावर त्या दोघांत काय बोलणे झाले, यांतले काहीच त्या पानाला माहीत नाही. माझा नायक दारातून पाहतो आणि निकाल देतो. इब्सेनच्या नवऱ्याला शिवणकाम चाललेले पाहवत नव्हते, हे वाचून मी परवा जो चमकलो, तो यामुळे.

५

घरसजावटीवर बोलू लागले, की विल्यम मॉरिसचा दाखला यायचाच. १८८० साली बर्मिंगहॅमच्या एका व्याख्यानात त्याने सांगितलेला नियम सर्वश्रुत आहे : जी उपयोगी आहे हे तुम्ही जाणता, किंवा जी सुंदर आहे असे तुम्ही मानता, त्याहून वेगळी अशी कोणतीही वस्तू घरात असू देऊ नका. नियम उत्तम आहे. माझ्या टेबलासमोर मी तो कित्येक वर्षे लिहून ठेवला होता. पण आता वाटते, त्यातला 'तुम्ही' कोण? आपल्या भाषेत 'तुम्ही' एकाला आदराने म्हणतात, आणि अनेकांनाही म्हणतात. मी तो इतकी वर्षे आदरार्थी एकवचनी वाचला; आणि आदर माझा मीच मला दिला.

मॉरिसच्या स्वतःच्या घराकडे पाहिले तर गोष्ट निराळी दिसते. १८५९ मध्ये जेन बर्डनशी लग्न झाल्यावर त्याने केंटमध्ये 'रेड हाउस' बांधवून घेतले. बाजारातले सामान पसंत पडेना, म्हणून मित्रांनी आणि त्याने मिळून सामान बनवले, भिंती रंगवल्या. जेनने भिंतीवर टांगायच्या कापडांवर भरतकाम केले. त्या हौसेतूनच १८६१ मध्ये त्यांचा प्रसिद्ध कारखाना निघाला. म्हणजे नियम सांगण्यापूर्वी वीस वर्षे त्याने जे घर केले, ते अनेक हातांचे होते. त्या घरानेही त्यांचा संसार सुखाचा केला नाही, आणि पाच वर्षांत ते सोडावे लागले, हा भाग वेगळा. एकत्र घर लावले म्हणजे एकत्र राहणे साधतेच असे नाही. पण एकट्याने लावलेल्या घरात दुसरा राहतो तो पाहुण्यासारखा, एवढे खरे.

यावर कोणी म्हणेल, मग समीक्षकाने आपली पारख सोडून द्यायची काय? सगळेच सारखे, असे म्हणायचे? तसे मी म्हणत नाही. शेरगिल मोठी चित्रकार आहे आणि दिनदर्शिकांवरची पुष्कळ चित्रे भिकार असतात, हे मी उद्याही म्हणेन. चित्रशाळेच्या भिंतीवर हा न्याय चालावा. पण घराची भिंत ही चित्रशाळेची भिंत नव्हे. तिथे चित्राची परीक्षा एकदा पाहून होत नाही. आजारपणात पडल्या पडल्या, भांडणानंतर, पाहुणे गेल्यावर, अशी वर्षानुवर्षे होते. तिथे ते चित्र कोणी आणले, कोणासाठी आणले, कोणाला न विचारता लावले, हेही चित्राचाच भाग होऊन बसते. दलालांची आणि मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठे कापून चौकटीत घालणारी कितीतरी घरे होती. त्यांना हसण्यापूर्वी, कात्री कोणाच्या हातात होती एवढे विचारावे.

काल मी शेवटी पत्नीला विचारले. माझी कल्पना अशी, की ती म्हणेल, लक्ष्मी दर्शनी भिंतीवर लावा आणि त्या तिघींना काढा. मी मनाची तयारी करून ठेवली होती. थोडी उदारपणाची ऐटही होती तिच्यात. ती म्हणाली, "त्या मुली असू देत. पण दारासमोर नकोत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मशीन खिडकीशी घेऊ या, आणि त्यांना मशीनच्या समोर लावा. मला बघायला."

"आणि लक्ष्मी?"

"ते आईंना विचारा. त्यांना कुणी विचारलंय कधी?"

आईला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिला हा प्रश्न पडायची सवय नव्हती. मग म्हणाली, "विचार करून सांगते." आज सकाळी पुन्हा विचारले, तरी तेच उत्तर. घाई नाही. पुस्तकांची मांडणी खिडकीपासून हलवायची तर तिला पुस्तके आधी उतरावी लागतील. तो एक दिवसाचा उद्योग आहे. टेबल कुठे जाईल ते अजून ठरायचे आहे. गुलाबांचे झाकण कपाटात सापडले. ते यंत्रावर पुन्हा घालायचे की नाही, हे मात्र मी विचारलेले नाही. ते तिचे ती ठरवील.